अंड्यातले एकवीस दिवस आणि एका अंशाचा हिशेब
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर दर अंकात मी लागण, बेणे, खत आणि पाणी याच गोष्टी सांगत असतो. या वेळी विषय अंडी उबवण्याचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने कोंबडीवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. तर हा लेख माझ्या एका चुकीतून निघाला आहे. म्हणून आधी चूक सांगतो, मग शास्त्र.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात दहा बायकांचा बचत गट आहे. त्यातल्या सात घरांत आपले शेअर आहेत. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते आणि त्यातले बरेचसे सोसायटीतच वळते होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. हातखर्चाला काहीतरी असावे म्हणून या गटाने कर्ज काढून एकशे वीस अंड्यांचे उबवण यंत्र घेतले. पंखा, बल्ब आणि आकडे दाखवणारी पाटी असलेली ती लाकडी पेटी. गावरान कोंबडीच्या पिल्लांना गिऱ्हाईक दारात येते, त्यामुळे बेत चांगलाच होता.

पहिली खेप चैत्रात बसवली. एकोणिसाव्या दिवशी रात्रीच अंड्यांना टोचे पडायला लागले. सगळ्यांना आनंद झाला, की पिल्ले लवकर आली! विसाव्या दिवशी मोजदाद केली तर एकशे वीसातली पिल्ले एकेचाळीस. त्यातली निम्मी पायांवर उभी राहीनात, काहींच्या बेंबीशी बलकाचा गोळा बाहेर लोंबत होता. आठवड्यात आणखी पंधरा गेली. उरलेली अंडी फोडून बघितली, तर पूर्ण वाढलेली पिल्ले आतच मेलेली.

मी त्या गावाला खोडव्याच्या पाहणीला गेलो होतो. गटाच्या प्रमुख वहिनींनी मला बोलावून पेटी दाखवली. म्हणाल्या, "सायेब, तुम्ही डिप्लोमा केलाय, सांगा की काय चुकलं." दिवसातून दोन-तीन वेळा लाइट जात होती, हे मला ठाऊक होते. मी विचार केला, लाइट जाते म्हणजे ऊब कमी पडत असणार. दुसऱ्या खेपेला आकडा अर्ध्या अंशाने वाढवून ठेवा, असे मी छातीठोकपणे सांगून आलो. पदविकेला असताना कोंबडीपालन हा विषय होता, त्यात पासही झालो होतो, पण त्या वेळी लक्ष सगळे उसाकडे.

दुसऱ्या खेपेत पिल्ले निघाली तेवीस.

त्या दिवशी वहिनींनी मला काही बोल लावला नाही. "कोंबडा बदलला, अंडी बदलली, आता काय नशीब बदलायचं?" एवढेच म्हणाल्या. मला मात्र घरी जाऊन जेवण गेले नाही. ज्याने यंत्र विकले, त्याने फोन उचलायचे बंद केले होते. कर्जाचा हप्ता तर थांबत नव्हता. मग मी पुस्तके काढली, पशुसंवर्धन खात्यातल्या लोकांना विचारले, आणि डॉक्टरकडचे ताप मोजायचे थर्मामीटर घेऊन त्या पेटीपाशी जाऊन बसलो.

पाटीवर आकडा होता ३७.६. थर्मामीटरने दाखवले ३८.८. म्हणजे पेटी मुळातच एक अंशाहून जास्त तापत होती आणि मी तीत आणखी अर्धा अंश घालायला सांगितला होता. दुसऱ्या खेपेचे नुकसान माझ्या सल्ल्याने झाले, हे त्या गटासमोर मी कबूल केले आहे आणि इथेही करतो.

अंड्यात काय चालते

कोंबडीचे अंडे उबायला एकवीस दिवस लागतात, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही माहीत असते. पण फळलेले अंडे बाहेर पडते तेव्हाच त्यात जीव सुरू झालेला असतो. अंडे कोंबडीच्या पोटात तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो आणि कोंबडीचे अंग ४१ अंश सेंटिग्रेडच्या आसपास गरम असते. त्या उबेत बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार होतात. अंडे बाहेर आले, गार झाले, की ती वाढ थांबते. मरत नाही, थांबते. साधारण २०-२१ अंशांच्या खाली हा गर्भ झोपून राहतो. आपल्या सुरू उसाचे कांडे डिसेंबरच्या थंडीत सरीत पडून राहते आणि ऊन वाढले की डोळा हलतो, तसाच हा प्रकार.

यातून पहिली गोष्ट निघते. बायका आठ-दहा दिवसांची अंडी साठवतात ती चुलीशेजारच्या फळीवर. एप्रिल महिन्यात स्वयंपाकघर तीस-पस्तीस अंशांवर असते. तिथे गर्भ धड झोपतही नाही आणि धड वाढतही नाही. अर्धवट हालतो, थकतो, आणि यंत्रात जाईपर्यंत निम्मा जोर गेलेला असतो. उबवायची अंडी १३ ते १८ अंशांच्या गारव्यात, निमुळते टोक खाली करून, आठवड्याच्या आत बसवावीत. गावात एवढा गारवा कुठून आणणार? माठाखालची ओली वाळू, जाड भिंतीची अंधारी खोली, जे असेल ते. पण फ्रिजमध्ये ठेवू नयेत. तिथली चार-पाच अंशांची थंडी फार होते आणि गर्भ झोपेतच जातो.

यंत्रात गेल्यावर पंख्याच्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश, म्हणजे ९९.५ ते १०० फॅरनहाइट, ही योग्य उष्णता. माणसाला कणकण वाटते तेवढी ऊब अंड्याला एकवीस दिवस अखंड लागते. बिनपंख्याच्या पेटीत वरची हवा गरम आणि खालची गार असते. तिथे अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून एक-दीड अंश फॅरनहाइट जास्त ठेवतात.

आता या उबेत काय घडते ते बघा. दुसऱ्या दिवशी गर्भाचे हृदय धडधडायला लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीपुढे अंडे धरले, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. आठवड्याभरात चोच, पाय आणि डोळे ओळखू येतात. पंखांची लव दुसऱ्या आठवड्यात. विसाव्या दिवसाच्या आसपास उरलेला बलक पिल्लू बेंबीतून पोटात ओढून घेते, चोच वायुकोषात घालून पहिला श्वास घेते आणि मग कवचाला आतून टोचा मारते. प्रत्येक कामाची वेळ ठरलेली आहे, आणि ती वेळ पाळायचे घड्याळ म्हणजे उष्णता. उष्णता वाढली की घड्याळ पुढे पळते, कमी झाली की मागे पडते. पण सगळे काटे सारखे पळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

पहिल्या तीन-चार दिवसांत उष्णता जास्त झाली, तर मेंदू, डोळे आणि हृदय यांची घडणच बिघडते. डोक्याची कवटी न मिटलेले किंवा एक डोळा नसलेले पिल्लू निघाले, तर लोक त्याला नदीआडची दृष्ट म्हणतात. बहुतेक वेळा तो पहिल्या आठवड्यातला जादा ताप असतो. शेवटच्या आठवड्यात जास्त झाली, तर पिल्लाचे अंग घडलेले असते, पण ते घाईने बाहेर येते. बलक पोटात ओढायला वेळ मिळत नाही, बेंबी मिटत नाही, अंगातली साठवलेली ताकद टोचा मारतानाच संपते. अशी पिल्ले लहानखुरी, चिकट, घोट्याशी लाल झालेली असतात आणि कवचाला आतून रक्त लागलेले दिसते. उघड्या बेंबीतून जंतू शिरतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्ले पटापट मरतात. आपण म्हणतो, गारठ्याने मेली, नाहीतर खाद्य वाईट होते. मरण अंड्यातच लिहिलेले होते.

उष्णता कमी राहिली तर उलट चित्र. एकविसावा दिवस उलटतो, बाविसावा जातो, तेविसाव्याला पिल्ले येतात. पोट मोठे, मऊ, चाल धीमी, बोटे वाकडी. यातली काही वाचतात. म्हणूनच जाणते लोक सांगतात की थोडी कमी ऊब परवडते, थोडी जास्त परवडत नाही. पेटी ३५ अंशांवर तीन-चार तास राहिली, तर वाढ जरा मंदावते. तीच पेटी साडेचाळीस अंशांवर पंधरा मिनिटे गेली, तरी गर्भाला जबर धक्का बसतो. बेणेमळ्यासाठी आपण कांड्यांना गरम पाण्याची प्रक्रिया करतो, ५० अंशांवर दोन तास. तिथेही हेच. पाणी गार राहिले तर गवताळ वाढीचा रोग राहतो आणि चढले तर डोळा शिजतो. हौदाशी थर्मामीटर धरून उभा राहणारा माणूस मी. पेटीपाशी मात्र पाटीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवला.

नेदरलँडमधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी या बाबतीत मोठे काम केले आहे. त्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पेटीच्या हवेऐवजी अंड्याच्या कवचाची उष्णता धरली. कवच सुरुवातीपासून शेवटपर्यंत ३७.८ अंशांवर राहिले, तेव्हा उतारा आणि पिल्लांची प्रत सर्वांत चांगली मिळाली. कवच ३८.९ वर ठेवलेल्या पिल्लांची हृदये लहान राहतात आणि बलकही जास्त शिल्लक राहतो, असेही दिसून आले. पुढे २०११ च्या अभ्यासात अशा पिल्लांची मोठेपणी वाढ कमी झाली आणि पोटात पाणी साठून मरण्याचे प्रमाण वाढले. एका अंशाचा फरक, आणि तो कोंबडी विकायला जाईपर्यंत पुरतो!

कवचाची उष्णता वेगळी का मोजायची, याचेही कारण आहे. पहिल्या आठवड्यात अंडे ऊब फक्त घेते. नवव्या-दहाव्या दिवसानंतर गर्भ स्वतः उष्णता टाकू लागतो आणि शेवटच्या आठवड्यात तर अंडे हवेपेक्षा गरम असते. कारखान्याच्या आवारातला प्रेसमडचा ढीग तुम्ही पाहिला आहे. बाहेर थंडी असली, तरी हात घातला की आत चटका बसतो. पेटीत दाटीने भरलेली अठरा दिवसांची अंडी म्हणजे तसाच ढीग. म्हणून मोठ्या उबवणी केंद्रांत शेवटचे तीन दिवस हवा ३७ अंशांवर किंवा त्याच्या जरा खाली ठेवतात आणि वारा खेळता ठेवतात. मी सांगितलेला वाढीव अर्धा अंश नेमका याच दिवसांत सर्वांत जास्त नडला.

खुडूक कोंबडीला हे कोणी शिकवलेले नाही. रवणीला बसली की तिच्या पोटाखालची पिसे गळतात, उघड्या कातडीची ऊब थेट अंड्याला लागते. चोचीने ती अंडी फिरवते, कडेची मधे आणते. दिवसातून एखाद्या वेळी उठून दाणा-पाणी करून पंधरा-वीस मिनिटांत परत येते; तेवढ्या गारव्याने अंड्याचे काही बिघडत नाही. इजिप्तमध्ये हजारो वर्षे मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवतात. खतात अंडी पुरून उबवण्याच्या तिथल्या रीतीचा उल्लेख तर ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी केला आहे. त्या भट्ट्यांवरचे कारागीर थर्मामीटर वापरत नसत. अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखायची, ही त्यांची विद्या. पापणीची कातडी पातळ असते, तिला थोडा फरकही कळतो. मी स्वतः करून पाहिले. मला काही कळले नाही. त्याला पिढ्यांचा सराव लागतो.

गटातल्या एका काकूंनी विचारले की, ऊब कमी-जास्त करून माद्या जास्त काढता येतात का? प्रश्न शहाणपणाचा आहे. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. त्यांच्यात वाळू गरम असली तर माद्या जास्त आणि थंड असली तर नर जास्त होतात. पण कोंबडीत नर-मादी हे अंडे तयार होतानाच कोंबडीकडून ठरलेले असते, उष्णतेने ते बदलत नाही. ऊब कमी-जास्त करून माद्या काढून देतो म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

तिसरी खेप

श्रावणात तिसरी खेप बसवली. या वेळी आम्ही काय केले तेवढे सांगतो.

थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात तापाचे थर्मामीटर आणि यंत्राची तार, दोन्ही एकत्र बुडवली. आधी तार पाण्यात चालणारी आहे का, ते मेकॅनिककडून विचारून घेतले. दोन्हींतला फरक एका कागदावर लिहून तो कागद पेटीवर चिकटवला. जुने पाऱ्याचे थर्मामीटर असेल, तर त्यातला पारा आपोआप उतरत नाही, दर वेळी झटकावे लागते, हे विसरू नये. पेटी पत्र्याच्या खोलीतून काढून माळवदाच्या घरात, दारा-खिडकीच्या झोतापासून लांब ठेवली. पत्र्याखाली चैत्रातल्या दुपारी खोलीच चाळिशीला टेकते. तिथे बल्ब बंद असला तरी पेटी तापत राहते, आणि पहिल्या दोन खेपांचे अर्धे दुखणे तिथेच होते. पेटी रिकामी चोवीस तास चालवून आकडा स्थिर झाल्यावरच अंडी ठेवली.

पाण्याचे ताट आत ठेवून दमटपणा पहिले अठरा दिवस पन्नास ते साठ टक्के आणि नंतर पासष्टच्या वर ठेवला. अंडी दिवसातून पाच वेळा फिरवली. फिरवण्याचा आकडा विषम ठेवायचा, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलीने. अठराव्या दिवशी फिरवणे बंद. सातव्या दिवशी बॅटरीपुढे धरून वांझ अंडी बाजूला काढली, ती चौदा निघाली.

लाइटचा प्रश्न राहिलाच. त्या तीन आठवड्यांत लाइट किती वेळा गेली, ते वहिनींच्या मुलीने वहीत लिहून ठेवले आहे. सर्वांत लांब खंड पाच तासांचा होता. तो आठव्या दिवशी आला. अंडी कोवळी होती, म्हणून पेटीवर घोंगडे टाकले, कडेला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि झाकण उघडले नाही. गर्भ ३२ अंशांच्या खाली बराच वेळ, अगदी अठरा तासांपर्यंतही, तग धरल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा घाबरून जाऊ नये. पुढचा खंड सतराव्या दिवशी, दुपारी. तेव्हा घोंगडे टाकायला निघालेल्या काकूंना मी थांबवले. या वयाची अंडी स्वतःच तापतात आणि पंखा बंद असला की त्यांना हवा मिळत नाही. झाकण बोटभर उघडे ठेवले आणि दर अर्ध्या तासाने थर्मामीटर बघितले. लाइट आल्यावर गेलेला वेळ भरून काढायला आकडा वाढवायचा नाही, हे मी तीन वेळा सांगितले. "सायेब, आमी इसरत न्हाई, तुमीच इसरू नका," असे उत्तर आले. बरोबरच होते.

एकविसाव्या दिवशी सकाळपासून टोचे पडायला लागले. पिल्ले ओली असताना झाकण उघडायचा मोह सगळ्यांना होतो, पण दमटपणा निघून गेला की टरफलाच्या आतली झिल्ली वाळून पिल्लाला आवळते. वहिनी पेटीसमोर पाट टाकून बसल्या होत्या, कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत सत्तर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणनव्वद. बेंब्या मिटलेल्या, पाय घट्ट. आत मेलेली सतरा. ती फोडून पाहिली, त्यांतल्या सहा पिल्लांची मान उलट्या बाजूला गेली होती, आणि असे थोडेफार चांगल्या खेपेतही होते. पहिल्या आठवड्यात तीन गेली. उरलेल्या शहाऐंशीतली साठ गावातच विकली गेली आणि थकलेल्या दोन हप्त्यांपैकी एक भरला गेला. दुसरा अजून बाकी आहे.

ज्या सभासदांच्या घरी अशी पेटी आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांनी यंत्र विकत घेण्याआधी ते चालू करून, आपल्या थर्मामीटरने आत तीन ठिकाणी मोजून बघावे: वर, मधे आणि पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात. तीन जागी तीन आकडे आले, तर पैसे देऊ नयेत. ज्यांना अंडी उबवण्याची कटकट नको, त्यांना पशुसंवर्धन खात्याच्या खडकी आणि कोल्हापूर इथल्या उबवणी केंद्रांकडे एक दिवसाच्या पिल्लांची चौकशी करता येईल. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मागणी कशी नोंदवायची ते सांगतील.

तपासून घेतलेले एक थर्मामीटर मी गट ऑफिसात ठेवले आहे. वहीत सही करून कोणीही न्यावे आणि आठ दिवसांत परत आणावे. खोडव्यातले पाचट कुजवण्याविषयी या अंकात लिहायचे राहिले, ते पुढच्या अंकात येईल. तोवर पाचट जाळू नये.